हॉल्डेन आणि पंधरा इंच माती

१९३९ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस लंडनच्या इस्लिंग्टन भागात घरोघरी पोलादाचे पन्हळी पत्रे येऊन पडू लागले. गृहस्थाने आपल्या परसात चार फूट खोल खड्डा खणावा, कमानीसारखे वाकविलेले हे पत्रे त्यात उभे करून माथ्याशी बोल्टांनी जोडावेत आणि वर निदान १५ इंच माती लोटावी, अशी सरकारी सूचना होती. आत साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि सहा फूट उंच अशी जागा तयार होई व तीत सहा माणसांनी बसावे, अशी अपेक्षा असे. ज्याची वार्षिक मिळकत २५० पौंडांहून कमी, त्याला हा आसरा फुकट. इतरांना सात पौंड पडत. युद्धाला तोंड लागेपर्यंत असे सुमारे १५ लाख आणि युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे ३६ लाख आसरे वाटले गेले. विल्यम पॅटर्सन आणि त्यांचे सहकारी केरिसन या अभियंत्यांनी ते आखले असले, तरी लोकांच्या तोंडी नाव बसले ते हवाई हल्ल्यांपासूनच्या बचावाचे खाते ज्यांच्याकडे होते त्या सर जॉन अँडरसन यांचे. हे अँडरसन आपल्याला परके नाहीत. १९३२ ते १९३७ या काळात ते बंगालचे गव्हर्नर होते आणि १९३४ मध्ये दार्जिलिंगजवळ लेबाँगच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर क्रांतिकारकांनी झाडलेल्या गोळ्यांतून ते थोडक्यात बचावले होते.

या १५ इंच मातीच्या थराखाली एका राष्ट्राचे संरक्षण होऊ शकते काय, हा प्रश्न त्या दिवसांत ज्या माणसाने सर्वांत मोठ्या आवाजात आणि सर्वांत अधिक आकडेमोडीनिशी विचारला, तो माणूस युद्धशास्त्राचा पंडित नव्हता, की स्थापत्य अभियंताही नव्हता. ते होते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील जीवसंख्याशास्त्राचे प्राध्यापक जे. बी. एस. हॉल्डेन. आनुवंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नाव नैसर्गिक निवडीला गणिताचे अधिष्ठान देणाऱ्या त्रयीपैकी एक म्हणून परिचित असते. फिशर, राइट आणि हॉल्डेन ही ती त्रयी. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग सामान्य माणसाच्या जिवाशी थेट भिडतो, तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर संशोधक. कोळशाच्या खाणींतील विषारी वायू, पाणबुड्यांना वर येताना होणारा त्रास, गुदमरणे आणि जीव वाचणे यांमधली सीमारेषा हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. प्रयोगासाठी शरीर हवे असेल तर ते प्रथम स्वतःचे द्यावे, असा त्या घरातला रिवाज होता, आणि मुलगाही त्यातून सुटला नव्हता. कोवळ्या वयात त्याला वडिलांनी स्टॅफर्डशरच्या एका खाणीत नेले, ज्वालाग्राही वायू साचलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. खाली जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता आला. हा वायू हवेहून हलका असून छताशी साचतो, हा धडा पुस्तकातून शिकण्याची मग गरज राहिली नाही. तेराव्या वर्षी पाणबुड्याचा गळका पोशाख घालून हा मुलगा समुद्रातही उतरला होता. हे लाड म्हणावेत की क्रौर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मनुष्यदेह काय सोसू शकतो, हे कागदावर ठरविता येत नाही, हा संस्कार त्यातून मुलाच्या हाडीमाशी खिळला.

पहिल्या महायुद्धात हॉल्डेन ‘ब्लॅक वॉच’ या स्कॉटिश पलटणीत अधिकारी होते. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा त्याची तपासणी करण्यासाठी वडिलांना फ्रान्समध्ये पाचारण करण्यात आले आणि वडिलांनी मुलाला आघाडीवरून बोलावून घेतले. बंदिस्त खोलीत क्लोरीन सोडायचा, त्यात मुखवटा घालून आणि मुखवट्याविना बसायचे, धावायचे, काम करायचे आणि कोण किती वेळ टिकतो हे टिपून ठेवायचे, असे ते प्रयोग होते. छाती धड भरून आली नसतानाच हॉल्डेन पुन्हा आघाडीवर गेले आणि जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियातही ते जखमी झाले आणि उपचारांसाठी हिंदुस्थानात आले. या देशाशी त्यांची ही पहिली ओळख. खंदकात राहिलेल्या माणसाला मातीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तोफगोळ्याचे तुकडे माती गिळून टाकते, जमिनीच्या पातळीखाली बसलेल्या माणसाच्या अंगावरून स्फोटाचा दाब बव्हंशी निघून जातो आणि गोळा नेमका डोक्यावर पडला तर काहीच उरत नाही, हे सारे त्यांनी पाहिलेले होते.

युद्धानंतर ऑक्सफर्ड, मग केंब्रिज, मग लंडन असा त्यांचा प्रवास झाला. या काळातील त्यांच्या शास्त्रीय कार्याचा विस्तार येथे करीत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९२५ मध्ये त्यांनी ‘कॅलिनिकस’ हे छोटेखानी पुस्तक लिहून विषारी वायूंविषयी लोकांच्या मनात बसलेली भीती अवाजवी असल्याचे आणि स्फोटके त्याहून घातक असल्याचे प्रतिपादन केले. सभ्य समाज त्यावर चांगलाच संतापला. तेरा वर्षांनंतर याच मताला वेगळेच महत्त्व येणार होते.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. हॉल्डेन तेथे प्रथम गेले ते प्रजासत्ताक सरकारला वायुहल्ल्यापासूनच्या बचावाचा सल्ला देण्यासाठी. त्यानंतर आणखी दोनदा गेले. प्रत्यक्षात माद्रिदवर विषारी वायू आला नाही. आले ते स्फोटक बाँब. ते कोठे पडतात, भिंती कशा कोसळतात, कोणती माणसे मरतात आणि कोणती वाचतात, याची हॉल्डेन यांनी नोंद घेतली. बार्सिलोनात रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी जमिनीखाली बोगदे खोदले होते. मार्च १९३८ मध्ये मायॉर्का बेटावरून आलेल्या इटालियन विमानांनी त्या शहरावर तीन दिवस बाँब टाकले आणि सुमारे हजार माणसे मेली. खोल बोगद्यांत शिरलेली माणसे मात्र पुन्हा बाहेर आली.

इकडे इंग्लंडमधील सरकारी पुस्तिका गृहिणींना काय शिकवीत होत्या? घरातली एक खोली निवडा, दाराखिडक्यांच्या फटी कागदाने चिकटवून बंद करा आणि वायुहल्ल्याच्या वेळी तीत बसा. केंब्रिजच्या युद्धविरोधी शास्त्रज्ञांच्या गटाने खऱ्याखुऱ्या घरांतील खोल्या अशा बंद करून त्यांत कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगाने बाहेर झिरपतो हे मोजले. झिरपण्याचा वेग असा निघाला, की त्या खोलीचा भरवसा कोणी धरू नये. या गटाचे प्रमुख होते स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल. सरकारी खात्याने हा साधा प्रयोग आधी का केला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या खात्यापाशी नव्हते.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्यूनिकच्या पेचप्रसंगात लंडनच्या बागांतून घाईघाईने चर खणले गेले आणि जवळजवळ पावणेचार कोटी वायुमुखवटे वाटले गेले. त्याच वर्षी हॉल्डेन यांचे ‘ए. आर. पी.’ हे पुस्तक निघाले. तीन अक्षरी नावाचा अर्थ हवाई हल्ल्यापूर्वीची दक्षता. पुस्तकाचा रोख सरळ होता. धोका वायूचा कमी, स्फोटकांचा अधिक. तेव्हा मुखवट्यांवर समाधान मानू नका. मुलांना शहराबाहेर न्या, ताबडतोब चर खणा आणि दाट वस्तीच्या भागांत विटांनी बांधलेले खोल बोगदे तयार करा. हे पुस्तक घेऊन हॉल्डेन गावोगाव सभा घेत हिंडले. धिप्पाड देह, टक्कल, झुपकेदार मिशा आणि तोफखान्याला शोभेल असा आवाज. विरोधकांना हा माणूस उद्धट वाटे, आणि तो तसा होताही.

सरकारचे धोरण पांगापांगीचे होते. माणसे जितकी विखुरलेली तितकी एका बाँबने मरणारी माणसे कमी, हा त्यामागचा युक्तिवाद. ऐकताना तो पटतो. पण गणिताने पाहिले तर त्यात एक खोट आहे. हजार माणसे एका जागी दाटीने बसली काय किंवा शंभर जागी दहा-दहा बसली काय, प्रत्येकाने व्यापलेली जागा आणि डोक्यावरचे आच्छादन सारखेच असेल, तर मरणाऱ्यांची सरासरी संख्या सारखीच राहते. एका बाजूला क्वचित घडणारा मोठा अनर्थ असतो, दुसऱ्या बाजूला रोज घडणारे लहान अनर्थ असतात. वृत्तपत्रांत पहिल्याचा गाजावाजा होतो, दुसऱ्याचा होत नाही, एवढाच फरक. सरासरी खाली आणायची तर आच्छादनाची जाडी वाढविण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याने हयातभर संभाव्यतेचे गणित केले, त्याला हे दिसणे स्वाभाविक होते.

आणि दुसरी गोष्ट त्याहून साधी. अँडरसनच्या आसऱ्याला परसू लागतो. पूर्व लंडनच्या गोदीकामगाराच्या चाळवजा घराला परसू कोठून असणार? बाँब मात्र पडणार होते ते गोदीवर आणि तिच्या आसपास. म्हणजे जेथे धोका सर्वांत मोठा तेथेच सरकारी माती पोचत नव्हती. फिन्सबरी या गरीब वस्तीच्या नगरपालिकेने ल्युबेटकिन यांच्या ‘टेक्टन’ या वास्तुशिल्पी संस्थेकडून आणि ओव्ह अरुप या अभियंत्याकडून खोल आसऱ्यांची सविस्तर योजना करून घेतली. सरकारने ती नामंजूर केली. बार्सिलोनाचे बोगदे बांधणारे अभियंते रामोन पेरेरा १९३९ मध्ये निर्वासित म्हणून इंग्लंडात आले, त्यांच्या अनुभवाचाही उपयोग करून घेतला गेला नाही. १९३९ च्या एप्रिलमध्ये सरकारने नेमलेल्या परिषदेनेही खोल आसऱ्यांच्या विरोधात कौल दिला. कारणे दिली गेली ती खर्चाची, वेळेची आणि सूचना मिळताच लोकांना तेथे पोचता येईल की नाही याची. ही कारणे खोटी नव्हती. मनात असलेले एक कारण मात्र निराळे होते. एकदा जमिनीखाली सुरक्षित बसलेला कामगार पुन्हा वर येऊन कारखान्यात जाणार नाही, अशी धास्ती राज्यकर्त्यांना वाटत होती. आपल्याच जनतेविषयीचा हा अविश्वास परकीय प्रजेवर राज्य केलेल्या अधिकाऱ्यांच्या सवयीचा भाग होता की काय, असा विचार बंगालचा तो काळ आठवून मनात येतो.

या वादळाच्या भरातच १ जून १९३९ रोजी ‘थीटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. आतील १०३ माणसांपैकी फक्त चार वाचली. कामगार संघटनांनी चौकशीसाठी हॉल्डेन यांची मदत मागितली. हॉल्डेन यांनी आणखी चौघांना सोबत घेतले. स्पेनमध्ये लढून आलेले हे स्वयंसेवक होते. हे पाचजण पोलादी पेटीत स्वतःला कोंडून साडेचौदा तास बसले. श्वासाने हवा दूषित होत जाताना डोके कसे दुखते, विचार कसा ढासळतो, वाचण्याचे यंत्र हाती असूनही ते चालविणे कसे अशक्य होते, हे त्यांनी अंगावर काढून पाहिले. ज्यांच्या नौदलावर त्यांची टीका होती, त्याच नौदलाने मग युद्धकाळात त्यांना समुद्रतळच्या श्वसनाचे प्रयोग करण्यास नेमले. त्यात त्यांच्या कानाचे पडदे फाटले आणि शुद्ध प्राणवायूच्या दाबाने आलेल्या आचक्यांत पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली.

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर मोठा हल्ला सुरू झाला आणि सगळ्या कागदी वादांची परीक्षा झाली. अँडरसनच्या आसऱ्याने, न्यायाने बोलायचे तर, आपले काम चोख बजावले. शेजारचे घर जमीनदोस्त झाले असताना मातीखालून धुळीने माखलेले कुटुंब जिवंत बाहेर आल्याची उदाहरणे असंख्य आहेत. वाकविलेला पत्रा दबतो पण फाटत नाही, आणि वरची माती तो भार वाटून घेते. दोष होता तो ओलीचा. हिवाळ्यात खड्ड्यांत पाणी साचे आणि लोक कंटाळून घरातच झोपत. ज्यांना परसू नव्हता त्यांच्यासाठी रस्त्यावर विटांचे आसरे बांधले होते, त्यांची कहाणी अधिक दुःखद. सिमेंटच्या टंचाईत निघालेल्या एका संदिग्ध सरकारी पत्रकाचा अर्थ लावून अनेक ठिकाणी नुसत्या चुन्यात भिंती उभारल्या गेल्या. स्फोटाच्या धक्क्याने भिंत सरके आणि वरची काँक्रीटची जड फरशी आतल्या माणसांवर बसे.

मग जनतेने सरकारी धोरण आपल्या पायांनी बदलले. लोक तिकिटे काढून भुयारी रेल्वेच्या फलाटांवर उतरले आणि तेथेच पथाऱ्या पसरून राहिले. त्यांना हुसकून लावण्याची भाषा सरकारला लवकरच सोडावी लागली. मात्र खोलीलाही मर्यादा होती. १४ ऑक्टोबरच्या रात्री बालम स्थानकात बाँबने फुटलेले पाणी आणि चिखल शिरून अनेकजण मेले. नोव्हेंबर १९४० मध्ये झालेल्या मोजणीत मध्य लंडनमधील शंभरापैकी चारजण भुयारी रेल्वेत, नऊजण सार्वजनिक आसऱ्यांत आणि २७ जण घरगुती आसऱ्यांत रात्र काढीत असल्याचे आढळले. उरलेले साठ आपापल्या घरीच होते. ज्या अभेद्य बोगद्यांना १९३९ मध्ये नकार मिळाला होता, तसे आठ खोल आसरे भुयारी स्थानकांखाली बांधण्याचा निर्णय १९४० च्या अखेरीस झाला. प्रत्येकात आठ हजार माणसांची सोय होती. ते १९४२ मध्ये पूर्ण झाले आणि लोकांसाठी त्यांतील काही उघडले गेले ते १९४४ मध्ये.

हॉल्डेन बरोबर ठरले काय? वायूविषयी ते पूर्णपणे बरोबर ठरले. ब्रिटिश शहरांवर वायू पडलाच नाही. परसू नसलेल्यांविषयी ते बरोबर होते. पण बाँबच्या संहारशक्तीचा अंदाज सरकारप्रमाणेच त्यांचाही फुगलेला होता. एक टन बाँबमागे पन्नास माणसे मृत वा जखमी होतील असे सरकारी गणित होते, प्रत्यक्षातला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. संपूर्ण लंडनखाली बोगदे खोदायला निघाले असते तर १९४० पर्यंत ते पुरे झाले असते असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. तेव्हा पोलादी पत्रा आणि माती हा तातडीचा उपाय म्हणून शहाणपणाचाच होता. चूक झाली ती त्यालाच शेवटचा उपाय मानण्यात.

१९४५ नंतर मातीच्या या आच्छादनाची पुन्हा परीक्षा सुरू झाली, आणि ती अधिक भयंकर होती. नागासाकीत टेकड्यांच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांत जी थोडी माणसे होती, ती स्फोटबिंदूच्या जवळ असूनही वाचली. बोगद्यांत शहरातील जवळजवळ तिसरा हिस्सा लोक मावले असते, पण इशाराच झाला नव्हता. ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियालगतच्या माँटे बेलो बेटांवर ब्रिटनने आपला पहिला अणुस्फोट केला, तेव्हा तेथे मुद्दाम अँडरसनचे आसरे उभारून ठेवले होते. अमेरिकेनेही नेवाडाच्या वाळवंटात मातीने झाकलेले आसरे असेच तपासले. यामागचे शास्त्र समजण्यास कठीण नाही. दाबून बसविलेल्या सुमारे साडेतीन इंच मातीतून जाताना अणुधुळीतील गॅमा किरणांची तीव्रता निम्मी होते. १५ इंचांत ती विसाव्या हिश्शावर येते आणि तीन फुटांत हजाराव्या. म्हणजे जुनी १५ इंच माती अगदीच निरुपयोगी नव्हती, पण तिच्या उघड्या तोंडातून आत येणाऱ्या धुळीला तिच्यापाशी उत्तर नव्हते. १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने काढलेल्या पुस्तिकेने गृहस्थाला पुन्हा तोच सल्ला दिला, की घरातली दारे काढून भिंतीला टेकवा आणि त्यांवर मातीच्या पिशव्या रचा.

हॉल्डेन यांचे लक्ष मात्र आता निराळ्या गोष्टीकडे गेले होते. मनुष्यजातीत जनुकीय उत्परिवर्तन किती वेगाने होते, याचा पहिला अंदाज त्यांनीच हिमोफिलियाच्या आधारे १९३५ मध्ये बांधला होता. किरणोत्सर्गाने हा वेग वाढला तर त्याचे फळ आसऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांना भोगावे लागेल आणि त्यातील बरेचसे नुकसान अनेक पिढ्या दडून राहील, हे त्यांनी गणिताने मांडले. बाँब ज्याच्यावर पडलाच नाही, त्याच्या वंशजालाही संरक्षण हवे, अशा काळात आपण आलो होतो.

या माणसाचे मोठेपण सांगताना एक काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हॉल्डेन १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. ‘डेली वर्कर’ या पत्राच्या संपादक मंडळाचे ते अध्यक्ष होते. १९४८ मध्ये रशियात लायसेंकोने आनुवंशशास्त्रावर राजकीय बंदी आणली. त्या शास्त्रातले थोर रशियन संशोधक आणि हॉल्डेन यांचे स्नेही वाविलोव्ह १९४३ मध्येच तुरुंगात मेले होते. सरकारी पुस्तिकेतील बंद खोलीला जो प्रश्न विचारला जात होता, तो हॉल्डेन यांनी लायसेंकोच्या दाव्यांना त्याच कठोरपणे विचारला नाही. पक्षाला सांभाळून, शब्दांची कसरत करीत ते बोलत राहिले आणि मग १९५० च्या सुमारास चुपचाप पक्षातून बाहेर पडले. विषारी वायूत बसायला जे धैर्य लागते, त्याहून निराळे धैर्य येथे हवे होते आणि ते त्यांच्यापाशी वेळेवर आले नाही.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध हे देश सोडण्याचे एक कारण त्यांनी दिले होते. अँडरसन जेथून परत गेले होते, त्याच बंगालमध्ये हॉल्डेन धोतर-कुडता घालून राहू लागले. मांसाहार सोडला आणि १९६१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. महागडी यंत्रे नसली तरी डोळे आणि वही घेऊन विज्ञान करता येते, हे ते तरुण सहकाऱ्यांना सांगत. त्यांचे सहकारी सुरेश जयकर आणि हेलन स्परवे यांनी टिटवीच्या घरट्यांवर केलेला अभ्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. येथील नोकरशाहीशीही त्यांचे खटके उडालेच. सांख्यिकी संस्था सोडून ते अखेर १९६२ मध्ये भुवनेश्वरला स्थिरावले आणि तेथे त्यांनी आनुवंशशास्त्राची प्रयोगशाळा उभारली.

पुढे त्यांना गुदाशयाच्या कर्करोगाने गाठले. लंडनच्या इस्पितळात असताना त्यांनी त्या रोगावर विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज न धरता वेळीच डॉक्टरकडे जावे, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. आपला देह दहन वा दफन न करता विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. त्याप्रमाणे तो आंध्रातील काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्यात आला.